दुधनेचं टिपाड

आमच्या गावचं पाणी दिसायला फार देखणं होतं. विहिरीत वाकून पाहिलं तर तळाचा दगड दिसायचा, इतकं नितळ. पायवाटेनं जाणारा परका माणूस थांबून ओंजळभर प्यायचा, तोंड वाकडं करायचा आणि पुढं निघून जायचा. आम्हाला पुढं जायची सोय नव्हती. देवगाव फाट्यावरून आत बैलगाडीच्या वाटेला लागलं की तासाभरानं आमचं गाव यायचं, आणि गावात पिण्याची विहीर एकच. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावी होती आणि घागरी आमच्या घरी होत्या, म्हणून मी घागरींकडे राहिले. त्यामुळे पाण्याबद्दल मला जे कळतं ते डोक्यावर वाहून कळलेलं आहे.

त्या पाण्याचे गुण घरात आल्यावर सुरू व्हायचे. अंगाला साबण लावला तर फेस येत नसे. नासलेल्या दुधासारखे पांढरे गोळे यायचे आणि ते केसात असे अडकायचे की न्हाणं झाल्यावर डोकं जास्त मळकं दिसायचं. धुतलेलं धोतर वाळलं की पुठ्ठ्यासारखं उभं राहायचं. न्हाणीतल्या चुलाण्यावर पाणी तापवायचा हंडा आतून पांढरा पडत जायचा. वर्षभरात त्याच्या तळाला बोटभर खडक धरायचा, आणि माय म्हणायची की आपण पाणी तापवत नाही, दगड भाजतो. माझी नात परभणीला कॉलेजात सायन्स शिकते. ती मला परवा सांगत होती की पाण्याचा स्वभावच तसा असतो, जमिनीतून जाताना भेटेल त्यातलं काही ना काही ते स्वतःत विरघळवून घेतं, आणि ते घेतं म्हणूनच झाडाला, माणसाला त्यातून मिळतं. मी म्हटलं, हे तुला शिकवायला कॉलेजनं तीन वर्षं घेतली का? आम्ही ते पाणी फडक्यानं गाळून पाहिलं होतं, तुरटी फिरवून पाहिलं होतं, उकळून पाहिलं होतं. जे तरंगतं किंवा तळाला बसतं ते काढता येतं. जे विरघळलंय ते फडक्यातून आपल्यासोबत घरात येतं आणि जेवायला बसतं.

जेवायला बसतं हे मी उगाच लिहीत नाही. त्या पाण्यात डाळ शिजत नव्हती. तूर असो, हरभरा असो, सकाळी चुलीवर चढवलेली डाळ दुपारी तशीच टणक. पाणी आटून जायचं, सरपण संपायचं, डाळ मात्र जशीच्या तशी. तुरी आमच्या शेतात पोत्यानं पिकायच्या आणि आम्ही खायचो पिठलं. बेसनाला पाणी कसंही चालतं. सकाळी पिठलं, संध्याकाळी पिठलं, पाहुणा आला तर त्यात जास्त तेल. ज्वारीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि पिठलं, यावर मी वाढले आणि चांगली धट्टीकट्टी वाढले. वरण ही आमच्या गावात अफवा होती. शिजवायला सोडा टाकून बघावं असं एकदा मायनं ठरवलं. डाळ मऊ झाली, पण तिला धुण्याचा वास आला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक घास खाऊन विचारलं की हे खायचं आहे का यात सदरा भिजवायचा आहे.

आता खरी गोष्ट दातांची. त्या पाण्यावर वाढलेल्या प्रत्येकाच्या दातांवर तांबूस तपकिरी पट्टे असायचे. दूध सोडून पाण्यावर आलेल्या लेकराचे पुढं पक्के दात आले की ते रंगूनच यायचे. राखेनं घासा, मिठानं घासा, जात नसत. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण गावात सगळ्यांचे तसेच. आमच्या घरात एकट्या मायचे दात पांढरे होते, कारण ती वाढली पूर्णेकडे, माहेरच्या पाण्यावर. लहानपणी मला वाटायचं की माय आजारी आहे.

माझा मोठा भाऊ, त्याला मी दादा म्हणायचे, लग्नाचा होऊन गेला होता. जमीन बरी, बैलजोडी चांगली, पोरगा कष्टाळू, आणि तरीही तीन सोयरिकी मोडल्या होत्या. कारण तिन्ही वेळा एकच. खाऱ्या पाण्याच्या गावात लेक द्यायची नाही, असा आमच्याकडचा जुना कायदा. पोरगी देणारे घर बघायला यायचे, सावलीत बसायचे, तांब्यातलं पाणी प्यायचे आणि एकमेकांकडे बघायचे. तिथंच बोलणं संपायचं. तिसऱ्या वेळी तर पोरीच्या बापानं घोट तोंडात तसाच ठेवला आणि निरोप घेताना हातानंच रामराम केला. वेशीबाहेर जाऊन थुंकला असेल. दादा वरवर हसायचा. त्याला हसायची फार खोड होती, जराशा कारणावरून उचक्या लागल्यासारखा हसायचा. पण तिसऱ्या नकारानंतर महिनाभर तो हसला नाही आणि त्यानं बैलांशी बोलणंही सोडलं. तेव्हा मायनं आपल्या भावाला निरोप धाडला.

मामा पूर्णेला रेल्वेत होता, इंजनांच्या शेडमध्ये. इंजनाच्या पोटात पाण्यानं धरलेली पांढरी खपली खरवडून काढणं हे त्याचं काम. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत तो स्वतःला मोठा अधिकारी समजायचा. आल्याबरोबर तो विहिरीवर गेला, पाणी जिभेवर धरलं, आमच्या न्हाणीतल्या हंड्यात डोकावून पाहिलं आणि अण्णांना म्हणाला, “दाजी, असलं पाणी आमी इंजनाला सुदिक देत न्हाई. इंजन बसतं.” अण्णांना राग आला. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही प्यालो, आमच्यातलं कोण बसलं, असं ते म्हणाले. पण मामानं येताना एक स्थळ आणलं होतं. गंगेकाठचं गाव, म्हणजे गोदावरीकाठचं. मुलगी सुभद्रा. आई नव्हती, वडील आणि एका आत्यानं वाढवलेली. दादा जाऊन बघून आला आणि आल्यावर बैलांशी बोलायला लागला. म्हणजे पसंत. आता तिकडचे घर बघायला येणार होते. हे चौथं स्थळ. हे मोडलं तर पाचवं येणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ते कुणी बोललं नाही.

ओसरीवर बैठक बसली आणि ठरलं ते असं. पाणी लपवायचं. तीन कोसांवर दुधना नदी होती, तिचं पाणी गोड आणि हलकं. बैलगाडीत टिपाड, म्हणजे मोठं पिंप, घालून ते आणायचं. पाहुण्यांना हातपाय धुवायला तेच, प्यायला तेच, आणि जेवायला चक्क तुरीचं वरण. एकदा वरण ताटात दिसलं की पाण्याबद्दल कोण विचारतंय, असा मामाचा हिशेब. मला दोन कामं लागली. पहिलं, घरातल्या सगळ्या भांड्यांच्या आतली खपली काढायची. त्यासाठी चिंचेचा कोळ. तो पांढऱ्या थरावर ओतला की थर फसफसायचा, बुडबुडे यायचे आणि हळूहळू सुटायचा. दोन दिवस मी चिंच चोळत बसले. हंड्याचं तांबं आतून कसं दिसतं ते मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं, आणि माझ्या बोटांची सालं निघाली.

दुसरं काम टिपाड धुवायचं. ते मानवतच्या एका तेलाच्या घाण्यावरून अण्णांनी मागून आणलं होतं, सरकीचं तेल ठेवायचं. एरवी आम्ही ते राखेनं घासलं असतं आणि ते निघालंही असतं. पण सोयरिकीचं काम म्हणून अण्णांनी मन मोठं केलं आणि साबणाची अख्खी वडी दिली. मी आत शिरून साबण लावला आणि आमच्याच विहिरीच्या पाण्यानं धुतलं. ज्या पाण्यात आमचं डोकं निघत नव्हतं, त्या पाण्यात तेलाचं टिपाड निघेल असं घरातल्या चार शहाण्या माणसांना वाटलं, आणि त्यातला एक रेल्वेत होता. दादा पाहुणे यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दुधनेवरून भरून आला. झाकण काढलं तर पाण्यावर मोरपिसाचे रंग.

सगळे गोल उभे राहून त्या रंगांकडे बघत बसले. माय खाली बसली. मामा म्हणाला, हे पावण्यांना देण्यापेक्षा इंजनाच्या चाकांना देऊ. दादानं बैल सोडले आणि त्यांच्यामागं जाऊन उभा राहिला. त्याची पाठ बघून मला वाईट वाटलं असं मी लिहिणार होते, पण खरं सांगायचं तर मला माझ्या दोन दिवसांच्या चिंचेचा राग आला होता. मी म्हटलं, तेल वर हाय की, खालचं घ्या. कालवणावर तर्री वर येते, खाली कधी बसते का? तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत हे मला चुलीनं शिकवलं होतं. मामाकडे रबरी नळी होती. ती तळापर्यंत सोडली, वरून तोंडानं ओढायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. पहिल्यांदा तोंडात नळीतलं रबर आलं, मग दुधना आली. मी गिळून टाकली. अण्णांनी विचारलं, कसं हाय? मी म्हटलं, कसंच न्हाई. गोड्या पाण्याला काही चवच नसते. हे तेव्हाही खटकलं आणि आता माझ्या भिंतीवरच्या फिल्टरचं पाणी पितानाही खटकतं.

पाण्याची सोय झाली आणि मायला दात आठवले. सकाळी तिनं आम्हाला ओळीनं उभं केलं आणि सांगितलं की आज कुणी हसायचं नाही. बोलायचं ते ओठ न उघडता. अण्णांना मिशा होत्या, त्यांचं भागलं. मला पदर नव्हता, म्हणून मी तोंडात बडीशेप धरायची आणि चावत राहायचं. दादानं सरळ मुकं राहायचं. हसण्यासारखे दात घरात एकट्या मायचे होते, पण इतक्या वर्षांत तिची हसायची सवय मोडली होती.

पाहुणे दोघंच आले. पोरीचे वडील, ते इतके गरीब स्वभावाचे की त्यांना मी नीट पाहिल्याचंही आठवत नाही, आणि आत्याबाई. त्या उंच, हाडकुळ्या, कपाळ मोकळं, हातात काठी नसलेल्या पण असावी असं वाटणाऱ्या. वेशीपासून गावातली सगळी चिल्लीपिल्ली त्यांच्या गाडीमागं धावत आली होती. मी त्यांच्या हातावर पाणी घातलं आणि साबणाची वडी दिली. फेस आला. पांढरा, मऊ, कोपरापर्यंत. मी तो बघतच राहिले. मग त्यांनी वडी परत दिली तेव्हा मीही हात धुतले. पुन्हा धुतले. मग पुन्हा. आत्याबाई बघत होत्या. “पोरी, तिसऱ्यांदा कामून हात धुयायलीस?” त्यांनी विचारलं. मी बडीशेप चावली. मग त्या माजघरात मायजवळ बसल्या आणि गप्पा मारता मारता तुमचं माहेर कुठलं, तिथं नदी आहे का, विहीर आहे का, असं काहीबाही विचारत राहिल्या. माहेरचं विचारल्यावर कोणती बाई गप्प बसेल? माय भरभरून बोलली.

ताटं वाढली. वरण पिवळंधमक, एकजीव, वर लसणाची फोडणी. त्याचा वास आमच्या घराला माहीत नव्हता. शेजारची मांजर आली होती ती दारातच बसून राहिली. दादा मान खाली घालून जेवत होता. आत्याबाईंनी त्याला शेतीचं विचारलं, तो हुं म्हणाला. बैलांचं विचारलं, तो हुं हुं म्हणाला. त्यांनी मामाकडे वळून विचारलं की पोरगं बोलतं का त्याला इंजनासारखी शिट्टी वाजवावी लागते. मामा म्हणाला, लय लाजरं हाय. दादाचे खांदे हलायला लागलेले मला दिसले. तेवढ्यात मी भात घेऊन त्यांच्या पानाशी आले, आणि आत्याबाईंनी अगदी मऊ आवाजात मला विचारलं, “वरण लय झ्याक झालंय गं. रोज असंच असतं का?”

माझ्या तोंडातली बडीशेप संपली होती. मी म्हटलं, “काय की. आमच्या घरात तर मी आजच बघायलेय.”

दादाला तो घास गिळता आला नाही. त्याचं हसू आधी नाकातून आलं, मग तोंडातून आलं, मग सगळं एकदम. तो उचक्या देत, डोळ्यांतून पाणी काढत, सगळे दात उघडे टाकून हसत सुटला. महिनाभराचं साठलेलं ते. अण्णा त्याच्याकडे असे बघत होते की जणू घराला आग लागली आहे आणि ती विझवायला आपल्याकडे फक्त आपल्या विहिरीचं पाणी आहे. मायनं पदर तोंडावर घेतला. मी भाताचं पातेलं घेऊन तशीच उभी. मामानं घाईनं इंजनांचं काहीतरी काढलं, पण त्याला कुणी पुढं जाऊ दिलं नाही.

आत्याबाईंनी शांतपणे वरणभात कालवला. “हसू द्या त्याला,” त्या म्हणाल्या. “सकाळपास्नं कोंडून ठिवलंय पोराला. वेशीपास्नं तुमची सगळी लेकरं गाडीमागं हसत आली, तवाच मला कळलं. आन्‌ ह्या बाईचे दात शुभ्र, तिच्या पोटच्या दोघांचे तांबडे. म्हंजे खोट रक्तात न्हाई, विहिरीत हाय.”

अण्णांनी ताटाकडे बघत कबूल केलं की हो, तसंच आहे, आणि आम्ही चुकलो. पोरीच्या वडिलांनी उठायची तयारी केली. आत्याबाईंनी त्यांना हातानंच खाली बसवलं आणि अण्णांची उलटतपासणी सुरू केली. हे पाणी कुठलं? दुधनेचं. किती लांब? तीन कोस. कशात आणलं? टिपाडात. आणायला किती वेळ लागला? अर्धा दिस. त्यांनी फुलपात्र उचलून त्यातल्या पाण्याचा एक घोट घेतला. दादाचंही हसू आता थांबलं होतं आणि त्याची पाठ तशीच झाली होती जशी मी बैलांमागं पाहिली होती.

“म्हंजे आणता येतंय,” आत्याबाई म्हणाल्या. “दोन पावण्यांसाठी येतंय तर सुनंसाठी पण येतंय. आठवड्याला दोन टिपाडं, तिच्या पिण्याला आन्‌ शिजवायला. कबूल असंल तर पोरगी दिली, इवाई.”

पाहुण्यांचे इवाई, म्हणजे व्याही, कधी झाले ते अण्णांना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी इतक्या घाईनं कबूल म्हटलं की त्यांना गंगाच दारात आणून द्या म्हटलं असतं तरी तेच म्हणाले असते. दादा उठून बैलांकडे गेला. आत्याबाईंनी आणखी वरण मागून घेतलं.

लग्न झालं. वैनी आली. दिसायला साधी, बोलायला कमी, चालणं आत्यासारखं. पहिले चार आठवडे टिपाडं वेळेवर आली. आम्हीही त्यातलं वरण खाल्लं आणि दोन दिवसांत ते आपलं हक्काचं समजायला लागलो. मग पेरण्या आल्या. अण्णा म्हणाले बैल थकलेत, या आठवड्यात एकच टिपाड. पुढच्या आठवड्यात म्हणाले चिखल आहे, गाडी रुतेल. त्याच्या पुढच्या आठवड्यात काहीच म्हणाले नाहीत. दादा एकदा खांद्यावर कावड घेऊन गेला, पण शेतात माणूस हवं म्हणून अण्णांनी दुसऱ्यांदा जाऊ दिलं नाही. अण्णा वाईट माणूस नव्हते. आमचं आजवर काय बिघडलं, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते पट्टेदार दात दाखवून म्हणायचे.

एका सकाळी वैनीनं मला विहिरीवर पाठवलं, आलेलं पाणी भगुण्यात ओतलं, दोन ओंजळी तूरडाळ टाकली आणि चूल पेटवली. माय म्हणाली, अगं, त्या पाण्यात न्हाई शिजायची. वैनी म्हणाली, बघू. ती चुलीपुढं बसून राहिली. सरपण घालत गेली, पाणी घालत गेली. शेतातून माणसं जेवायला आली, बसली, वाट बघत राहिली. सूर्य डोक्यावरून कलला. मी पिठलं टाकू का विचारलं तर तिनं बेसनाचा डबा आपल्या मांडीखाली घेतला. शेवटी तिनं ताटं वाढली. भाकरी, आणि पिवळ्या पाण्यात एक एक दाणा वेगळा असलेली डाळ.

नव्या सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. सासरा हाताच्या अंतरावर असला तरी निरोप मधल्या माणसाकडे द्यायचा, आणि मधलं माणूस मीच होते. वैनी पदर पुढं ओढून माझ्याकडे बघत म्हणाली, “वन्सं, मामंजीला सांगा. ही डाळ आमी कशीबशी चावू. पण या घरात लेकरं व्हायचीत. त्यांचे दात एकदा आले की मग शंभर टिपाडं आणून काही होणार न्हाई. आधी आणायचं का न्हाई, तेवढं आज ठरवा म्हणावं.”

अण्णा सगळं ऐकत होते. तरी रीत म्हणून मी त्यांच्याकडे वळून अख्खा निरोप पुन्हा सांगितला, डाळीपासून दातांपर्यंत. तो दुसऱ्यांदा ऐकताना त्यांना जास्त लागला असावा. त्यांनी एक घास तोंडात घातला आणि चावत राहिले. दाणे दातांखाली वाजत होते, आम्हा सगळ्यांना ऐकू येत होते. दादा हसला नाही. अण्णांनी तो घास मोठ्या कष्टानं गिळला, हात धुतला, आणि ताटावरून उठून भर दुपारी स्वतः बैल जुंपले.

टिपाड गाडीत चढवून ते निघणार तेवढ्यात माय माजघरातून आली. तिच्या हातात तिच्या माहेरची तांब्याची घागर होती, लग्नात आलेली. तिनं ती टिपाडाशेजारी, सांडू नये अशी नीट टेकवून ठेवली. इतकी वर्षं त्या घरात तिनं कशासाठीही गाडी थांबवलेली मी पाहिली नव्हती.

“अवं, एवढी पण भरून आणा,” ती म्हणाली. “ही माझी हाय. हिच्यातलं कुणाला देणार न्हाई.”

अण्णांनी ती भरून आणली, आणि मायनं खरोखरच कुणाला दिली नाही.